डाव्या कडेबाहेर गेलेली ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दैनिकाचे प्रशासन-प्रमुख आदरणीय उस्ताद ममदूह, व्यासपीठावर बसलेले सत्कारमूर्ती उस्ताद बहगत अल-सन्हूरी, त्यांच्या पत्नी सित्त एहसान, संपादन विभागातील सर्व ज्येष्ठ मंडळी, जाहिरात खिडकीवरच्या भगिनी, आणि मागे खुर्च्या कमी पडल्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर बसलेले माझे सहकारी,

मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. मी माझ्या टेबलाशी बसून कीबोर्ड उलटा करून त्यातले सिमीत पावाचे तीळ झटकत होतो.

निरोपाच्या भाषणाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सत्कारमूर्तींचा जन्म, शिक्षण, नोकरीची अडतीस वर्षे अशा क्रमाने जायचे असते. तसे भाषण मी लिहिलेही होते. चार पाने झाली, तीन वेळा तपासली. ती पाने माझ्या खिशात आहेत आणि तिथेच राहतील.

त्या वेळी दार ढकलून एक गृहस्थ आत आले. अन्फूशीत ज्यांचे दोरखंडांचे आणि जाळ्यांचे दुकान आहे ते फतूह गिरयानी. दोनच दिवसांपूर्वी त्यांचे वडील हाजी तुल्बा वारले होते आणि सोमवारी आपल्या संकेतस्थळावर त्यांची निधनवार्ता लागली होती. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी विचारले, "इथला बाशमुहंदिस कोण?"

मी उभा राहिलो. संकेतस्थळ मी सांभाळतो म्हणून इथे सगळे मला बाशमुहंदिस, म्हणजे मोठा इंजिनियर, म्हणतात. मी तंत्रशाळा दुसऱ्या वर्षी सोडली आहे, हे म्हणणाऱ्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण हाक मारली की उभे राहावे लागते.

"माझ्या बापाचा मुलगा कुठं टाकलात तुम्ही?"

"बसा ना. चहा घ्या."

"चहा राहू दे! पैसे मोजून घेतलेत ओळीमागे, एक ओळ सोडली नाहीत. मग माणूस कसा सोडलात?" आणि त्यांनी फोन माझ्या नाकाला लागेल इतका जवळ धरला.

फोनवर एक फोटो होता. संगणकाच्या पडद्याचा, थोडा तिरका काढलेला. हाजी तुल्बांची वार्ता तीन रकान्यांत: ते कोणाचे भाऊ, कोणाचे चुलते, कोणाचे सासरे, कोण कुठल्या हुद्द्यावर. आणि तिसऱ्या रकान्याच्या तळाशी स्वल्पविराम. पुढे काही नाही.

तिथे शाकिरचे नाव हवे होते. शाकिर म्हणजे हाजी तुल्बांच्या पहिल्या बायकोचा मुलगा, फतूहचा सावत्र भाऊ, सोळा वर्षे कुवेतला असलेला. सोमवारी संध्याकाळी त्याने तिथल्या कचेरीतल्या संगणकावर बापाची वार्ता उघडली. चौदा पुतणे सापडले, तीन जावई सापडले, स्वतः सापडला नाही. त्याने फोटो काढला, फतूहला पाठवला आणि खाली लिहिले: "समजलो. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला येत नाही. यापुढे कशालाच येत नाही."

सभागृहात बसलेल्या कोणालाही मी हे समजावून सांगायला नको. निधनवार्तेतून नाव जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कळते. आपण त्याच धंद्यात आहोत.

मी लगेच माझ्या पडद्यावर पान उघडले. शाकिरचे नाव होते! शेवटच्या ओळीत, ठळक. फतूहने फोनवर उघडले, फोनवर एकच रकाना असतो, तिथेही होते. मी म्हणालो, "हे पाहा, आहे."

फतूहनी फोन खिशात टाकला. "काल नव्हतं, आज आहे. म्हणजे रात्रीत कुणीतरी घातलं. हेच शाकिर फोनवर ओरडून सांगतोय. त्यानं बोंब मारली म्हणून घातलंत, म्हणतोय. आणि घातलंत ते कुणाच्या सांगण्यावरून, तर माझ्या! आधी गाळायला मीच सांगितलं, असा त्याचा हिशेब."

तासाभरात चौकशी झाली. अध्यक्ष महोदय, आपणच ती केलीत आणि ती रीतसर होती. वार्ता लावतात उस्ताद बहगत, बदलायचा अधिकारही त्यांच्या टेबलाला. आपण मला विचारलेत, "अनीस, आधी गाळलेलं नाव मागाहून गुपचूप घालणं शक्य आहे का?"

मी नेमके उत्तर देणारा माणूस आहे. प्रश्न शक्यतेचा होता. मी म्हणालो, "शक्य आहे."

एवढेच. दोन शब्द. उस्ताद बहगत बाजूला उभे होते, त्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. "मी गाळलं नाही आणि घातलंही नाही," एवढे म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. गुरुवारी, दहा तारखेला, त्यांना पत्र मिळाले: मजकूर गाळणे, तक्रारीनंतर तो अनधिकृतपणे भरणे, तीन दिवसांचे वेतन कापणे, पत्राची प्रत सेवापुस्तकात. अडतीस वर्षांच्या सेवापुस्तकात ते एकमेव पत्र आहे.

आता जे सांगतो ते आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्याच मंगळवारी दुपारी मी नोंदवही उघडली होती. कोणत्या पानाला कोणी, कधी हात लावला, हे संगणक स्वतः लिहून ठेवतो. हाजी तुल्बांच्या पानावर सोमवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनंतर एकही बदल नव्हता. म्हणजे शाकिरचे नाव पहिल्यापासून होते. मी ते मंगळवारी दुपारी पाहिले आणि पत्र निघाले गुरुवारी. मधे पूर्ण बुधवार होता. मी का बोललो नाही? कारण नाव होते आणि तरी दिसले नाही, तर दोष पानाचा. पान मी बांधलेले. आणि माझा करार महिनाअखेर संपत होता. मी स्वतःला म्हणालो, आधी दोष शोधतो, दुरुस्त करतो, मग एकदम सांगतो. भित्र्या माणसाला कामसू होण्यासारखी सोय दुसरी नाही.

तर मी शोधू लागलो. इथे उस्तादांच्या घरची मंडळी बसली आहेत, म्हणून थोडे सोपे करून सांगतो. पानावर एक चौकट असते. ब्राउझर त्या चौकटीत मजकूर ओततो: अरबी उजवीकडून वाचायची, म्हणून पहिला रकाना उजवीकडे, तो भरला की डावीकडे दुसरा, मग तिसरा. पूर्वी रकाने खाली-वर संपायचे, दात पडल्यासारखे. उन्हाळ्यात अध्यक्ष महोदयांनी सुचवले की कागदावर जसे तिन्ही रकाने एका रेषेत संपायचे तसे इथे संपावेत. सूचना रास्त होती. मी चौकटीची उंची बांधून टाकली. पान सुरेख दिसू लागले. मी स्वतः त्याकडे सारखा पाहत असे.

आता दोष मिळेना. मी प्रत्येक चौकटीला वेगळा रंग दिला, पान रमजानच्या कंदिलासारखे झाले. मजकूर अर्धा काढला, पुन्हा अर्धा काढला. तीन ब्राउझर पाहिले. बहिणीचा लॅपटॉप आणला. मूळ पानाला धक्का लागू नये म्हणून सगळी वार्ता एका कोऱ्या पानावर मी स्वतः टंकली, एकही चूक न करता. शुद्धलेखनाचा मला अभिमान आहे. सगळीकडे शाकिरचे नाव जागच्या जागी. झोप उडाली, जेवण जाईना. आई म्हणाली, "तुझं कुठं जमलंय का? कोण आहे ती?" मी म्हणालो, "आई, शाकिर आहे." तिने ताट उचलून नेले.

आणि या सगळ्या दिवसांत उस्ताद बहगत रोज सकाळी मला "सबाह अल-फुल, बाशमुहंदिस" म्हणत. रोज. मी मान खाली घालून उत्तर देत असे.

सोमवारी, एकवीस तारखेला, मी एक सही घ्यायला त्यांच्या टेबलाशी गेलो. ते एका शिक्षिकेची वार्ता लावत होते. म्हणाले, "थांब पोरा, एवढी ओळ होऊ दे." आणि त्यांचे बोट एकाच कळीवर पडू लागले. टक, टक, टक, टक, टक, टक.

"उस्ताद, हे काय करताय?"

"ओळ भरतोय. दिसत नाही?"

मी वाकून पाहिले. ओळीतला शेवटचा शब्द लांब लांब होत कडेला जाऊन टेकला होता. आपल्या अरबी अक्षरांमधली जोडरेघ ओढून शब्द लांबवायचा आणि ओळ काठोकाठ भरायची. जुळाऱ्यांची ती जुनी कला उस्ताद शिशाच्या खिळ्यांच्या काळात शिकले. दोन वर्षांपूर्वी आपला छापील अंक बंद झाला, पण त्यांचे बोट बंद झाले नाही.

मी विचारले, "हे तुम्ही सगळ्याच वार्तांत करता?"

"नाही रे. शेवटच्या ओळीत एकच नाव उरलं तर करतो. नावाशेजारी कोरी जागा राहिली की वाचणारा म्हणतो, याला मागाहून चिकटवलाय. माणूस तसा दिसू नये."

"हाजी तुल्बांच्या वार्तेत केलं होतं?"

"तिथं तर करायलाच हवं होतं. पहिल्या बायकोचा मुलगा, त्यात परदेशात, त्यात शेवटचा. चांगला बारा वेळा ओढला त्याला. ऐटीत बसवला."

मी सही न घेता पळत सुटलो.

मंडळी, मी ती वार्ता स्वतः टंकली होती, आठवते ना? स्वच्छ, शुद्ध आणि त्या ओढलेल्या रेघा वगळून. मला त्या कचरा वाटल्या होत्या. आणि माझ्या संगणकावर, बहिणीच्या लॅपटॉपवरही, मी आपल्या दैनिकाचा फॉन्ट बसवलेला होता. तो सडपातळ आहे. कुवेतच्या कचेरीत तो नव्हता. तिथल्या ब्राउझरने स्वतःचा रुंद फॉन्ट घेतला. मी माझा फॉन्ट काढून टाकला, उस्तादांचा मूळ मजकूर जसाच्या तसा उघडला, आणि शाकिर गेला! पहिल्यांदाच माझ्यासमोर गेला. खुर्चीवरून मी ओरडलो, तेव्हा जाहिरात खिडकीवरच्या भगिनींना वाटले माझ्या घरी काही झाले.

गेला कुठे? रुंद अक्षरांत ओळी वाढल्या. ताणलेला शब्द मधे तुटत नाही, तो सगळा एकदम पुढच्या ओळीवर गेला. पुढच्या ओळीला जागा नव्हती, कारण उंची मी बांधलेली. मग ब्राउझरने आपल्या परीने प्रामाणिकपणे एक चौथा रकाना काढला. तिसऱ्याच्या डावीकडे. पण आमचा बाहेरचा सांगाडा परदेशातून विकत घेतलेला, डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यांचा. त्याच्या लेखी डाव्या कडेपलीकडे काही असूच शकत नाही. तिकडे पान सरकवताही येत नाही. मी कोड बदलून अख्खे पान उजवीकडे ढकलले, आणि कडेच्या अंधारातून तो रकाना आत आला. त्यात एकच ओळ होती. "आणि शाकिर, कुवेत." नाव इतके ओढलेले की रकानाभर पसरलेले.

दुरुस्तीला चार मिनिटे लागली. उंची सोडली, फॉन्ट पानासोबत पाठवला, सांगाड्याची दिशा बदलली. फतूहला कळवले: भावाला सांगा, त्याच संगणकावर पुन्हा बघ.

दुसऱ्या दिवशी फतूहचा फोन आला. ओरडणे संपले होते, आवाज बसला होता. "तो म्हणतो, त्यात काय? त्या दिवशी फोनवर घातलंत, आता इथेही घातलंत. ज्याला घालता येतं तो कुठेही घालेल. बाशमुहंदिस, तेवीस दिवस राहिलेत चाळिसाव्याला. आई रोज विचारते, शाकिरचं तिकीट झालं का? ती त्याची सख्खी आईपण नाही हो."

तेव्हा मला समजले की मी जे दुरुस्त केले तेच आता आमच्याविरुद्धचा पुरावा झाले होते.

मी उस्तादांच्या टेबलाशी गेलो आणि सगळे सांगितले. नोंदवही, बुधवार, करार, सगळे. उभ्याउभ्याच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "जसं बिघडलेलं होतं तसं पुन्हा करता येईल?"

"बिघडवू? मुद्दाम?"

"तासभर."

बुधवारी, तेवीस तारखेला, दुपारी बारा वाजता मी स्वतःच्या हाताने माझे दुरुस्त पान बिघडवले. उस्तादांनी कुवेतला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"शाकिर बेटा, मी बहगत. तुझ्या वडिलांची वार्ता मी लावली. संगणकासमोर आहेस? पान उघड. तुझं नाव आहे?"

"नाही. आता काढलंत वाटतं? छान. मजा चाललीय तुमची."

"नाही ना? बरं झालं. आता मी सांगतो तेवढं कर, मग शिव्या दे. पानावरचं सगळं एकदम निवड, सगळं उचल, आणि कोऱ्या पत्रात नेऊन ठेव."

कळांचा आवाज आला. मी घड्याळ पाहत होतो, म्हणून सांगतो, एकेचाळीस सेकंद लागले.

"आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण हे... माझं नाव एवढं लांब का?"

"ओळ भरायची होती रे. नाहीतर तू एकटा पडला असतास शेवटी."

कडेबाहेर गेलेला, न दिसणारा मजकूरही असा निवडला की सोबत उचलला जातो; पण हा पुरावा न्यायालयात टिकला नसता, हे मला कळते. आत्ताच आत घातले, असे तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. जो माणूस खोटेपणाने नाव घालतो, तो त्याला बारा वेळा ओढत बसत नाही, हे त्याला दुकानदाराच्या मुलासारखे चटकन उमगले असावे. पलीकडून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. उस्ताद म्हणाले, "तिकीट काढ. गुरुवारी, चौदा तारखेला. उशीर करू नकोस, विमान महाग होतं."

चौदा नोव्हेंबरला मी अन्फूशीच्या मंडपात बाहेर उभा होतो. शाकिर फतूहच्या शेजारी, येणाऱ्यांचे हात हातात घेत होता. मी ओळख दिली नाही.

अध्यक्ष महोदय, मी आपल्याकडे पाहतो आहे. घंटी वाजवू नका, फार राहिले नाही. तेवीस तारखेला फोन ठेवल्यावर मी उस्तादांना म्हणालो, "आत्ता जाऊन सांगतो." त्यांनी माझी बाही धरली. "गप बस. आठवड्यात तुझी सही आहे. मी तर चाललोच. तीन दिवसांच्या पगारानं मला काय होतं?" मी गप्प बसलो. एकतीस ऑक्टोबरला माझ्या करारावर आपली सही झाली. आज अठ्ठावीस नोव्हेंबर. या चार आठवड्यांत उस्तादांनी एकदाही तो विषय काढला नाही. पण परवा पेन्शनचे कागद भरताना त्यांनी सेवापुस्तक उघडले आणि त्या पत्राचे पान दोन बोटांनी पटकन उलटले. मी शेजारी उभा होतो. तीन दिवसांच्या पगाराने काही होत नाही म्हणाले होते. त्या पानाने होत होते.

म्हणून मी आज बोलतो आहे. नाव गाळले गेले नव्हते, मागाहून घातले गेले नव्हते. उंची मी बांधली होती, आणि कारण कळूनही गप्प मी राहिलो होतो. नोंदवहीची छापील प्रत आणि माझे लेखी निवेदन या लिफाफ्यात आहेत. तो मी आता आपल्यासमोर टेबलावर ठेवतो. त्या पत्राचे काय करायचे आणि माझ्या कराराचे काय करायचे, हे दोन्ही आपल्या हातात आहे. उस्ताद, तुम्ही मान हलवू नका. एकदा तरी मला बोलू द्या.

सित्त एहसान, आपल्या घरी ते पत्र आलेले आपण पाहिले असेल. मी आपली माफी मागतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, वर्गणी दिलीत, खुर्च्या वरच्या मजल्यावरून वाहून आणल्यात, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात मान-पान मागेपुढे झाला असेल, कोणाचे नाव घ्यायचे राहिले असेल, तर माझ्याच तोंडचा दोष समजून पोटात घाला. विशेषतः नाव राहिले असेल तर.

वर्गणीचा हिशेब माझ्याकडे आहे, तो वाचून खाली बसतो. जमा: सत्तावीस जणांचे प्रत्येकी शंभर, एकूण दोन हजार सातशे पाउंड. खर्च: समुद्रकाठी कॉर्निशवर मासे पकडायचा गळ, दांडी आणि चक्रीसह, एक हजार चारशे पन्नास, बसबूसा मिठाईची दोन तबके, सहाशे वीस, चहा, साखर, कप, दोनशे दहा, फुले, एकशे ऐंशी. खर्च एकूण दोन हजार चारशे साठ. शिल्लक दोनशे चाळीस, ती या डब्यात आहे.

देणे: उस्ताद बहगत यांचे तीन दिवसांचे कापलेले वेतन, नऊशे नव्वद पाउंड. ते मी दोनदा देऊ केले, त्यांनी दोन्ही वेळा परत केले. दैनिकाने द्यायचे की मी, हे अध्यक्षांनी ठरवेपर्यंत ते मी माझ्या नावावर लिहिले आहे.